मुंबईच्या वाहतुकीत गाडीचा क्लच जास्त काळ कसा टिकवावा

माझ्या पहिल्या गाडीचा क्लच ३१ हजार किलोमीटरवर संपला. भांडुपच्या एका लहानशा गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली उतरवल्यानंतर मिस्त्रींनी जुनी क्लच प्लेट माझ्या हातात दिली. तिचे लायनिंग, म्हणजे घासले जाणारे अस्तर, ते बसवणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजले होते, कडेला बारीक भेगा गेल्या होत्या आणि बोट फिरवले की काळी पूड लागत होती. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, त्याच्या घासल्या जाणाऱ्या भागावर निळसर जांभळे डाग पडले होते. "हे तापल्याचे डाग आहेत, साहेब. चढावर गाडी क्लचवर धरून ठेवता का?" असे त्यांनी विचारले आणि मी ठामपणे नाही म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या डाव्या पायावर लक्ष ठेवले, तेव्हा कळले की मुलुंड ते अंधेरी या रोजच्या प्रवासात मी तेच दहा-पंधरा वेळा करत होतो. त्याच गाडीचा पुढचा क्लच ९४ हजार किलोमीटर चालला. रस्ता तोच होता आणि गर्दी तर वाढलीच होती. फरक होता तो डाव्या पायाच्या सवयींत, आणि त्या सवयी कोणत्या, हे येथे सविस्तर मांडत आहे.

आधी झीज नेमकी केव्हा होते हे समजून घ्यावे. इंजिन सुरू असेपर्यंत फ्लायव्हील फिरत असते, आणि प्रेशर प्लेटमधील डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला त्याच्यावर घट्ट दाबून धरते. पेडल पूर्ण सोडलेले असते तेव्हा प्लेट आणि फ्लायव्हील एकजीव होऊन फिरतात, त्यामुळे काही घासले जात नाही. पेडल पूर्ण दाबलेले असते तेव्हा प्लेट मोकळी असते, म्हणून तेव्हाही लायनिंग झिजत नाही. झिजते ते या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो त्या अवस्थेत, कारण तेव्हा प्लेट दाबलीही जात असते आणि घसरतही असते. नव्या प्लेटवर रिव्हेटच्या डोक्यांच्या वर जेमतेम एक-दीड मिलिमीटर लायनिंग असते. आपल्याला पुरवून वापरायचे आहे ते एवढेच. क्लच कमी वेळा दाबला म्हणजे तो टिकतो असा अनेकांचा समज असतो, पण दाबण्याच्या संख्येपेक्षा हाफ क्लचमध्ये गेलेले सेकंद आणि त्या वेळी इंजिनाच्या फेऱ्या किती होत्या, यावर क्लचचे आयुष्य ठरते.

फेऱ्यांचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सपाट रस्त्यावर थांबलेली गाडी निघते तेव्हा क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने गाडीला तोपर्यंत मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून इंजिन मिनिटाला १,००० ऐवजी २,००० फेऱ्यांवर धरून क्लच सोडला तर उष्णता दुपटीवर थांबत नाही, ती चौपटीच्या जवळ जाते. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली तरी हेच घडते, कारण प्लेट आणि फ्लायव्हील यांचा वेग जुळेपर्यंत गाडीला जवळपास दुप्पट वेग गाठावा लागतो आणि उष्णता सुमारे तिप्पट होते. त्यामुळे पूर्ण थांबलेली गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्येच उचलावी, आणि सपाटीवर क्लच पकडू लागेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर शक्य तितका हलका ठेवावा.

हा हलकेपणा सरावाने येतो. रविवारी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास वांद्रे-कुर्ला संकुलातील आतल्या रस्त्यांसारखा एखादा सपाट, मोकळा रस्ता निवडावा, पहिला गिअर टाकावा आणि अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात हात न लावता, म्हणजे पाय न लावता, केवळ क्लच सावकाश सोडून गाडी हलवावी. आजच्या गाड्यांमध्ये इंजिनाच्या फेऱ्या खाली येऊ लागल्या की संगणक आपणहून इंधन वाढवतो, त्यामुळे हे सहसा जमते. असे वीस-पंचवीस वेळा केले की क्लच पेडलच्या कोणत्या उंचीवर पकडतो हे पायाला पाठ होते, आणि पुढे गर्दीत तिथपर्यंत झटकन येऊन मग फक्त त्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये सावकाश राहणे जमू लागते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बहुधा याच्या उलट शिकवले जाते: गाडी बंद पडू नये म्हणून आधी भरपूर रेस आणि मग क्लच. शिकाऊ माणसाला त्याने धीर येतो हे खरे, पण ती सवय परवाना मिळाल्यावरही वर्षानुवर्षे सुटत नाही.

बसण्याची जागाही तपासावी. क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार मागे असेल तर पाय ताणला जातो, पेडल तळापर्यंत जात नाही आणि गिअर बदलताना प्लेट पूर्ण मोकळी होत नाही. पावसाळ्यात पायाखाली जाड रबरी मॅटवर दुसरी मॅट टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती पेडलच्या खाली सरकली तर नेमके हेच होते, आणि शिवाय ते ब्रेकच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

गिअर बदलून झाला की डावा पाय पेडलवरून पूर्णपणे उचलावा आणि बाजूच्या विसाव्यावर ठेवावा. पायाचे नुसते वजनही रिलीज बेअरिंगला, म्हणजे पेडल दाबल्यावर डायफ्राम स्प्रिंगला ढकलणाऱ्या बेअरिंगला, स्प्रिंगवर टेकवते, प्लेटवरचा दाब थोडा कमी होतो आणि जोर लागताच ती घसरू शकते. बेअरिंग विनाकारण फिरत राहते ते वेगळेच. आपला पाय पेडलवर टेकलेला नाही अशी प्रत्येकाची खात्री असते. माझीही होती. शेजारी बसलेल्या माणसाला दहा मिनिटे फक्त आपल्या पायाकडे पाहायला सांगावे.

आता मुंबईतील खरी परीक्षा, म्हणजे सरकणारी रांग. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पवई तलावाच्या कडेने संध्याकाळी जाताना गाडी दर वीस फुटांना थांबते आणि दर थांब्यानंतर पुन्हा उचलावी लागते. पुढची गाडी चार फूट हलली की आपणही चार फूट हलायचे, असे केले तर त्या चार फुटांत क्लच एकदाही पूर्ण सुटत नाही. सगळे अंतर हाफ क्लचवर कापले जाते. त्याऐवजी पुढे गाडीच्या दीड-दोन लांबीइतकी जागा होऊ द्यावी, मग निघावे, क्लच पूर्ण सोडावा आणि पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरशिवाय गाडी आपल्या चालीने जाऊ द्यावी. लहान पेट्रोल गाडी अशा वेळी ताशी सुमारे सहा किलोमीटर वेगाने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या गतीने चालते. रांगेचा सरासरी वेग बहुधा तेवढाच असतो. समोर जागा ठेवली की त्यात रिक्षा शिरते, हे मान्य आहे. एका प्रवासात चार रिक्षा शिरल्या तर आपण चार रिक्षांच्या लांबीइतके मागे राहतो, यापेक्षा जास्त काही होत नाही. मागचा चालक हॉर्न वाजवतो, तो वाजवू द्यावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा सगळे पैशांबद्दल बोलत होते. मला मात्र मुलुंड नाक्यावरच्या रांगेत होणारी ती डझनभर हाफ क्लचची उचल वाचली याचा आनंद अधिक झाला.

सिग्नलवर थांबल्यावर न्यूट्रल करून क्लच सोडून द्यावा. गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून ठेवल्याने लायनिंग झिजत नाही, परंतु रिलीज बेअरिंग आणि डायफ्राम स्प्रिंगची टोके यांच्यावर भार राहतो, आणि दीड मिनिटाच्या सिग्नलला पाय दमून नकळत वर येऊ लागतो. काही सेकंदांचाच थांबा असेल तर न्यूट्रलचा आग्रह धरू नये. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे दिसत असेल तर धरावा. ज्या गाड्यांत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे, त्यांच्या मॅन्युअल प्रकारात साधारणपणे न्यूट्रल करून क्लच सोडल्याशिवाय ती सोय चालतच नाही, म्हणजे इंधनही वाचते.

चढ हा क्लचचा सर्वांत मोठा वैरी आहे. पेडर रोडचा चढ, वाळकेश्वरकडून मलबार हिलवर जाणारे रस्ते, वांद्र्याच्या माउंट मेरीकडे चढणारे वळण किंवा कोणत्याही उड्डाणपुलाच्या तोंडाशी तुंबलेली रांग, या सर्व ठिकाणी एकच दृश्य दिसते: ब्रेकचे दिवे बंद आहेत, गाडी जागेवर आहे, आणि ती इंचभर मागे, इंचभर पुढे अशी झुलत आहे. ती गाडी हाफ क्लचवर तोललेली असते. या अवस्थेत चाके हलत नसल्यामुळे इंजिन जेवढी शक्ती क्लचला देते ती सगळीच्या सगळी उष्णता होऊन प्लेटमध्ये जाते. मिनिटभर असे उभे राहणे हे सपाटीवरच्या अनेक उचलींपेक्षा महाग पडते.

योग्य पद्धत हँडब्रेकची आहे, आणि ती एकदा नीट शिकली की गाडी मागे घसरण्याची भीतीही जाते. थांबल्यावर हँडब्रेक पूर्ण ओढावा, न्यूट्रल करावे आणि दोन्ही पाय मोकळे करावेत. पुढची गाडी चांगली लांबीभर सरकली की पहिला गिअर टाकावा, अ‍ॅक्सिलरेटर हलका देऊन इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या आसपास आणावे आणि क्लच सावकाश वर येऊ द्यावा. क्लच पकडू लागला की इंजिनाचा आवाज किंचित दबतो, बॉनेट थोडे उचलल्यासारखे होते आणि गाडी हँडब्रेकशी ओढ घेऊ लागते. त्याच क्षणी, बटण दाबून, हँडब्रेक खाली सोडावा, अ‍ॅक्सिलरेटर किंचित वाढवावा आणि गाडी एक-दोन मीटर गेली की क्लच पूर्ण सोडून द्यावा. हँडब्रेक सोडायला उशीर केला तर प्लेट आणि मागचे ब्रेक दोन्ही घासतात. लवकर सोडला तर गाडी मागे येते. हा अंदाज चार-पाच वेळा केल्यावर बसतो, आणि सराव एखाद्या मोकळ्या, सौम्य चढावर करावा, पेडर रोडवर नव्हे. हिल होल्ड असलेल्या गाड्यांत ब्रेकवरून पाय काढल्यावरही साधारण दोन सेकंद ब्रेक धरलेला राहतो. तेवढा वेळ पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर नेण्यासाठी पुरेसा असतो, रांगेत उभे राहण्यासाठी नाही.

क्लचचे पेडलच नसलेल्या एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या, गाड्यांच्या मालकांना हे आपल्यासाठी नाही असे वाटते. त्या गाड्यांतही साधी कोरडी क्लच प्लेटच असते, फक्त ती दाबणारा पाय यंत्राचा असतो. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी जागेवर धरली तर ते यंत्र निमूटपणे हाफ क्लच करते आणि प्लेट तशीच तापते.

रस्त्यावरच्या चढापेक्षा इमारतीतला चढ अधिक वाईट असतो, कारण तो रोजचा असतो आणि तिथे वेग घेता येत नाही. पोडियमवरच्या पार्किंगमध्ये जाणाऱ्या किंवा तळघरातून वर येणाऱ्या रॅम्पवर शिरण्यापूर्वी वरून कोणी येत नाही याची खात्री करून, खालीच थांबून, मग एका दमात पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून वर जावे. मध्येच थांबावे लागले तर हँडब्रेक. रिव्हर्समध्ये चढ चढण्याची वेळ येणार नाही अशा दिशेने गाडी लावावी. मागे पाहत, जपून, इंचाइंचाने रिव्हर्स चढणे म्हणजे पूर्ण वेळ हाफ क्लच. स्टॅक पार्किंगच्या लोखंडी पाळण्यावर चढताना चाकाखाली येणारा उंचवटा थांबून, जोर लावून ओलांडण्यापेक्षा थोडी चाल असताना ओलांडावा. गिरगाव-दादरच्या जुन्या गल्ल्यांत गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता सोडून जायची आणि आडवी आलेली गाडी हाताने ढकलून बाजूला करायची जी रीत आहे, ती बाकी कशीही असली तरी क्लचला फार मानवते; मात्र जागा पूर्ण सपाट असेल तरच.

पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे येथे पाणी साचले की लोक सायलेन्सरमध्ये पाणी शिरू नये म्हणून जोरात रेस धरतात आणि वेग वाढू नये म्हणून क्लच अर्धा दाबतात. इंजिन वाचवण्याच्या प्रयत्नात क्लचचे अनेक महिन्यांचे आयुष्य त्या शंभर मीटरमध्ये जाते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर जाऊच नये. कमी असेल तर पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, फेऱ्या स्थिर आणि मध्ये गिअर बदल नाही, असे पार करावे. गाडी पाण्यात बुडून दोन-चार दिवस तशीच उभी राहिली तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. अशा वेळी रेस देऊन ती सोडवण्याचा प्रयत्न न करता गाडी उचलून गॅरेजमध्ये न्यावी.

गिअरबद्दल दोनच गोष्टी. गतिरोधकावर गाडी जवळपास थांबली असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरवून ती ओढू नये, पहिला टाकावा. आणि उड्डाणपुलावरून उतरताना इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये. इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा बंदच होतो, म्हणून न्यूट्रलने काही वाचत नाही, उलट खाली पोहोचल्यावर पुन्हा एकदा क्लच जोडावा लागतो. हेच बोरघाट उतरतानाही लागू आहे, आणि तेथे ब्रेकच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे.

देखभालीत पाहण्यासारखे फारसे नसते, पण जे असते ते चुकवू नये. वायरवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलच्या सुरुवातीला थोडी मोकळी चाल असावी लागते. ती किती मिलिमीटर हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. प्लेट पातळ होते तशी ही चाल कमी होत जाते, आणि ती शून्यावर आली की पाय नसतानाही बेअरिंग स्प्रिंगला दाबत राहते. प्रत्येक सर्व्हिसिंगला ती तपासून घ्यावी; नट फिरवण्याचे काम पाच मिनिटांचे असते. पेडल जड लागू लागले तर वायर बदलावी. हायड्रॉलिक क्लचमध्ये चाल आपोआप जुळते, परंतु त्यातले ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि आपल्या हवेत ओलाव्याची कमतरता नाही. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ते बदलावे. पातळी वारंवार खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे.

क्लच संपत आल्याची पहिली खूण वरच्या गिअरमध्ये दिसते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाच्या फेऱ्या उसळी घेतात पण वेग त्या मानाने वाढत नाही, असे झाले तर प्लेट घसरत आहे. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पेडल सोडलेले असताना येणारा आवाज दाबल्यावर थांबत असेल तर बहुधा गिअरबॉक्सचे बेअरिंग बोलत असते. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल आले असेल, फ्लायव्हील तापून विटले असेल किंवा इंजिनाचे माउंटिंग गेले असेल, त्यामुळे लगेच क्लच बदलण्यास होकार देऊ नये. खंडाळ्याच्या कोंडीत किंवा रॅम्पवर जळका, उग्र वास आला तर सुरक्षित जागी थांबावे, न्यूट्रल करून क्लच सोडावा आणि पंधरा-वीस मिनिटे गाडी थंड होऊ द्यावी. "आता दोनच किलोमीटर राहिले" म्हणून पुढे रेटू नये.

बदलायची वेळ आलीच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलावा. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, आणि एकट्या बेअरिंगसाठी सहा महिन्यांनी तो पुन्हा उतरवणे परवडत नाही. ऑपेरा हाऊसच्या बाजारातून स्वतः सेट आणून देणार असाल तर गाडीचे वर्ष आणि इंजिनाचा प्रकार कागदावर लिहून न्यावा, कारण एकाच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे सेट वेगळे असतात. गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल झिरपते का हे पाहायला सांगावे. नवीन प्लेट बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर जोरात उचल आणि भरलेल्या गाडीने घाट, दोन्ही टाळावेत, म्हणजे लायनिंग सर्व बाजूंनी सारखे बसते.

जुने भाग मागून घ्यावेत आणि उजेडात नीट पाहावेत: दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या असतील तर प्लेट तिचे आयुष्य जगून गेली आहे, एका बाजूला चिकट, चकाकणारा तेलाचा थर असेल तर दोष सीलचा, आणि काळ्या भेगा, निळे डाग असतील तर दोष चालवणाऱ्याचा. माझी ९४ हजारांची प्लेट भांडुपच्या त्याच मिस्त्रींनी खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली. लायनिंग पातळ झाले होते, पण दोन्हीकडे एकसारखे. फ्लायव्हीलवर एकही डाग नव्हता, आणि ते टर्नरकडे घासायला पाठवण्याचा खर्च त्यांनी बिलातून काढून टाकला.